सगळे गेम एकाच दावणीला बांधू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या काही दिवसांपासून तुमच्या पेपरात मोबाइल गेमवर लागोपाठ पत्रं येऊन राहिली आहेत, पालकांची, गुरुजींची, आणि सगळ्यांचा सूर एकच की गेम म्हणजे लेकरांच्या आयुष्याची माती, सरसकट बंद करा. त्यांची तळमळ खरी आहे, मी ती नाकारत नाही. आमच्या दारव्हा तालुक्यात कोणत्याही गावात रात्री जा, जिथं रेंज धरते तिथं पोट्टे घोळका करून बसलेले दिसतात, माना खाली. पण सगळे गेम एकाच दावणीला बांधून झोडपणं मला पटत नाही. ज्या गेमला शेवट आहे आणि ज्याला शेवटच नाही, हे दोन एकदम वेगळे प्रकार आहेत, आणि लेकरांच्या हातात काय द्यायचं हे ठरवताना मोठ्या माणसांनी सगळ्यात आधी हेच विचारायला पाहिजे की बाबा, हा गेम संपतो का.

मी गावात छोटं कॉम्प्युटर सेंटर चालवतो. दिवसभर सातबारा, पीकविमा, ई-पीक पाहणी, स्कॉलरशिपचे फॉर्म हेच चालू राहते आणि संध्याकाळी शाळेतली पोरंपोरी येतात. तिथल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर मी प्रिन्स ऑफ पर्शिया टाकून ठेवला आहे, तो पहिला, १९८९ चा. आताच्या लोकांना या नावाचा सिनेमा माहीत असेल नाहीतर २००३ नंतर आलेले थ्रीडी गेम, मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. मी बोलतो तो बाजूनं दिसणारा, पांढऱ्या कपड्यातला, धावणारा, उड्या मारणारा, काठाला लोंबकळणारा माणूस. नव्वदच्या दशकात ज्यांनी अमरावती नाहीतर नागपूरला कॉलेजच्या लॅबमध्ये फ्लॉपी टाकून विंडोजच्या आधीचं डॉस चालवलं असेल त्यांना तो लगेच डोळ्यासमोर येईल.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुलतान लढाईवर गेला आहे, मागे वजीर जाफरनं सत्ता हातात घेतली आणि राजकन्येला कोंडून एका तासाची मुदत दिली, माझ्याशी लग्न कर नाहीतर मर. आपण खाली तळघरात, हातात तलवार सुद्धा नाही, ती पहिल्याच लेवलमध्ये शोधावी लागते. तिथून बारा लेवल पार करत वर जायचं, आणि वेळ किती तर ६० मिनिटं, घड्याळातली खरीखुरी ६० मिनिटं. मेलात तर लेवल पहिल्यापासून सुरू, पण गेलेला वेळ परत मिळत नाही. तास भरला की डाव खलास, जिंकलात तरी खलास, हरलात तरी खलास. उठायचं, पाणी प्यायचं, घरी जायचं.

आता याच्या बाजूला आजचा मोबाइल गेम ठेवून बघा. तिथं रोज लॉगिन केलं की बक्षीस, एक दिवस चुकला की बक्षीस बुडालं, महिना दोन महिन्यांनी नवीन सीझन, नवीन कपडे, नवीन बंदुका, आणि त्या घ्यायला पैसे, आणि हे पैसे कुठून येतात तर बापाच्या मोबाइलवरच्या यूपीआयमधून. कपाशीचं चुकाऱ्याचं पैसं खात्यात आलं की त्यातून पोरानं परस्पर रिचार्ज मारला आणि बापाला बियाणं घ्यायला गेल्यावर दुकानात कळलं, असं आमच्याकडे झालेलं आहे. असा गेम संपवता येतच नाही कारण तो संपू नये म्हणूनच बनवला आहे, लेकरू कितीही हुशार असलं, कितीही चांगलं खेळलं तरी त्याला "झालं बापा आता" असं म्हणायची जागाच ठेवलेली नाही, मग आपण त्या लेकराला शिव्या देतो की तू उठत काऊन नाही!

सरकारनं सुद्धा यात फरक केला आहे हे लक्षात घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर आली, पण ती चिनी अ‍ॅपच्या आणि डेटाच्या कारणानं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेचे व्हिडिओ गेम, आणि साधे करमणुकीचे, शिकायचे गेम वेगळे काढून त्यांना प्रोत्साहन द्यायचं म्हटलं. म्हणजे दिल्लीत बसलेल्या लोकांना जो फरक दिसला तो आपल्या गावातल्या पालकसभेत दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर हा आजार म्हणून यादीत घेतला आहे हे पण मला माहीत आहे, त्याची खूण काय सांगितली आहे तर खेळण्यावर ताबा राहत नाही आणि बाकी सगळ्या गोष्टी मागे पडतात. मग ज्या गेममध्ये ताबा राहणं हेच मुख्य कौशल्य आहे त्याचं काय करायचं?

ताबा म्हणतो ते कसं, सांगतो. प्रिन्समध्ये जमिनीतून खिळे निघतात, लोखंडी, टोकदार, आपण जवळ गेलो की खटकन वर. नवीन पोरगं येते, मोबाइलची सवय, धावत सुटते आणि खिळ्यात जाऊन मरते. परत धावते, परत मरते. मग कधीतरी त्याला कळते की शिफ्टचं बटन दाबून एकेक पाऊल टाकलं तर त्याच खिळ्यांमधून माणूस आरामात पार जातो. खिळे तेच, जागा तीच, फक्त चाल हळू. मी हे कोणाला सांगत नाही, सांगितलं तर मजा जाते, आणि ज्या क्षणी पोरगं स्वतः ते करते त्या क्षणी त्याचे खांदे कसे खाली येतात ते मी पाहिलं आहे, इतका वेळ आवळून धरलेले राहतात. काही ठिकाणी फरशी सैल असते, पाय पडला की हलते आणि खाली कोसळते, तिथं उलट थांबून चालत नाही, पटकन निघावं लागते. कुठं हळू आणि कुठं पटकन, हे ओळखणं म्हणजेच अर्धा गेम.

एक पोरगं मला म्हणालं, "काका, हा मानूस सुस्त आहे, बटन सोडलं तरी थांबत नाही, दोन पावलं पुढंच जाते." बरोबर पकडलं त्यानं. तो थांबत नाही कारण धावणारा खरा माणूस पण जागच्या जागी थांबत नाही. हा गेम जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन पोरानं बनवला, कॉलेजातून नुकताच बाहेर पडला होता, आणि चित्रकार काही तो फार मोठा नव्हता. त्यानं काय केलं, आपल्या शाळकरी धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून मोकळ्या जागेत धावायला, उड्या मारायला, भिंतीवर चढायला लावलं आणि व्हिडिओ कॅमेऱ्यानं शूटिंग केलं. मग टीव्हीवर एकेक फ्रेम थांबवून तिचा फोटो काढला, फोटोतली आकृती काळ्या पांढऱ्या रंगानं ठळक केली आणि ती कॉम्प्युटरात घेतली. एकेक पाऊल, असं. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातली बाजूनं दिसणारी लढाई घेतली, तिच्या फ्रेम अशाच उतरवल्या. संगीत त्याच्या वडिलांनी केलं. १९८५ ला सुरू केलेला गेम १९८९ ला बाहेर आला, चार वर्षं. म्हणून तो माणूस आजही जिवंत वाटतो, उडी मारून काठ पकडताना त्याचं वजन जाणवते, खाली जास्त उंचीवरून पडला की गुडघे वाकवून बसतो आणि एक जीव कमी होतो. हे मी पोरांना सांगितलं तर ते परत जाऊन नुसतं त्याला चालवून बघत बसले, लढाई नाही काही नाही, फक्त चालणं.

ज्या मशीनवर हा बनला त्या अ‍ॅपल टूची मेमरी १२८ केबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फोटो कित्येकदा याच्यापेक्षा मोठा राहतो. त्यात सगळा महाल, सगळ्या हालचाली, आवाज, सगळं बसवायचं. प्रिन्सच्याच चित्रांनी मेमरी भरून गेली, शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला जागाच उरली नाही, आणि सोबत काम करणारी टॉमी पियर्स मागे लागलेली की लढायला कोणीतरी पाहिजेच. तेव्हा मार्ग असा निघाला की प्रिन्सचीच चित्रं एक बिट, म्हणजे ठिपकाभर, सरकवून त्यांच्याच अंगावर टाकायची, त्यातून एक चमचमणारी सावली तयार झाली, नवीन चित्रांना जागा लागलीच नाही. जागा नव्हती म्हणून सुचलेली ही सावली, आणि माझ्या मते अख्ख्या गेमचा जीव तिच्यात आहे. पुढं मशीनच्या कोनाकोपऱ्यातून मेमरी वाचवून पहारेकरी पण बसवले, पण सावलीची सर त्यांना नाही.

चौथ्या लेवलला वाटेत एक आरसा येतो. दुसरा रस्ता नाही, धावत जाऊन आरशातून उडी मारावी लागते. आपण इकडे पडतो, जीव एकदम एकावर येतो, आणि तिकडून आपलीच सावली निघून पळून जाते. पुढं आपल्याला पाहिजे असलेलं औषध ती पिऊन टाकते, आणखी पुढं आपल्यासमोर दार बंद करून आपल्याला खाली पाडते. पोट्टे तिच्यावर जाम चिडलेले राहतात. आणि शेवटाकडे ती तलवार घेऊन समोर उभी राहते.

गेल्या उन्हाळ्यात आठवीतली एक पोरगी इथपर्यंत पोचली. मागे सगळे गोळा झाले, पंखा बंद, लाइन गेलेली, कॉम्प्युटर यूपीएसवर, आणि सगळे ओरडून राहिले, "मार ना वो तिले!" तिनं वार केला. सावलीचा एक जीव गेला आणि तिचा स्वतःचा पण गेला. परत वार केला, परत तेच. ती थांबली. म्हणाली, "मी तिले मारतो तं माह्यंच कमी होऊन राहिलं." कोणीच काही बोललं नाही. मग तिनं खालचा बाण दाबला, प्रिन्सनं तलवार म्यान केली, आणि समोर सावलीनं पण म्यान केली. दोघं एकमेकांकडे धावले आणि एक झाले. त्याच्या पुढं रस्ताच नाही, नुसती पोकळी, तरी ती पोरगी त्याच दमात पुढं चालत गेली आणि पायाखाली एकेक फरशी आपोआप येत गेली. पोरांनी जो कल्ला केला तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला, एक आजी विचारायला आल्या की काय झालं.

आता मला सांगा, रागावलेल्या पोराला "बापा, स्वतःशीच भांडू नको" हे आपण कोणत्या भाषणातून सांगणार होतो? इथं ते बोटांनी कळलं. त्या पोरीला मी काहीच समजावलं नाही, गरजच पडली नाही.

म्हणून सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. याच्यात रक्त आहे. दातांसारखी उघडझाप करणारी पाती आहेत, त्यात सापडलं तर माणसाचे दोन तुकडे होतात आणि ते दिसतात, म्हणून चौथी पाचवीच्या लेकरांना मी हा देत नाही, त्यांच्यासाठी दुसरे आहेत. तिसऱ्या लेवलला जमिनीवर पडलेला हाडांचा सांगाडा उठून लढतो, त्याला मारताच येत नाही, ढकलत ढकलत खड्ड्यात पाडावं लागते, तिथं बारकी लेकरं घाबरतात. आणि दुसरी गोष्ट पोरींना खटकते, खटकायलाच पाहिजे, की राजकन्या अख्खा तास नुसती वाट पाहत बसते. आठव्या लेवलला ती एक उंदीर पाठवते, तो येऊन बटनावर उभा राहतो आणि आपलं अडकलेलं दार उघडते, तेवढंच तिचं काम. "ती स्वतः काऊन निघत नाही?" हा प्रश्न दरवेळी येतो, आणि त्याच्यावर जी चर्चा होते ती मला कोणत्याही वर्गात ऐकायला आवडेल. चांगल्या गोष्टीत सुद्धा काय कमी आहे हे बोलता येणं हे पण शिक्षणच आहे ना.

आणखी एक गोष्ट जी मला फार मोलाची वाटते. या गेमचा मूळ कोड कितीतरी वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांच्या घरी कपाटात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला, जाणकार लोकांनी मेहनत करून त्यातला डेटा बाहेर काढला आणि मेकनरनं तो कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. आमच्याकडच्या अकरावीतल्या एका पोरानं तो उघडून पाहिला. असेंब्ली नावाच्या, मशीनच्या अगदी जवळच्या भाषेतला, त्याला फारसा कळला नाही, पण एका माणसानं बसून हे सगळं ओळीनं लिहिलं आहे हे त्यानं डोळ्यानं पाहिलं. तोपर्यंत त्याला वाटायचं गेम कुठंतरी मोठ्या कारखान्यात निघतात.

त्यातूनच पुढचं सुरू झालं. या गेममधली प्रत्येक खोली म्हणजे आडव्या १० आणि उभ्या ३ चौकटी, आणि एका लेवलमध्ये जास्तीत जास्त २४ खोल्या. हे कळल्यावर पोरांनी गणिताच्या चौकटीच्या वहीत स्वतःचे महाल काढायला सुरुवात केली. इथं खिळे, इथं सैल फरशी, इथलं बटन दाबलं की तिकडचं दार उघडणार, दार बंद व्हायच्या आत माणूस पोचेल का हे बोटानं मोजून बघतात. एकानं आमच्या गावची जुनी गढी काढली, खालच्या भुयारासकट. दुसरा त्याला म्हणतो, "इथून तं परतच येता येत नाही बे, मानूस अडकला ना." मग खोडरबर. हा अभ्यास नाही तर काय आहे, आणि हे कोणी सांगितलेलं नाही, मार्क नाहीत, बक्षीस नाही.

संपादक साहेब, तुमच्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांवर येते, सिनेमांवर येते, झाडीपट्टीच्या नाटकांवर तुम्ही मनापासून लिहिता आणि आम्ही ते वाचतो. तिथंच एक छोटा कोपरा गेमसाठी द्या ही माझी विनंती आहे. पानभर नको. गेमचं नाव, कोणी बनवला, कोणत्या वयाच्या लेकरांना चालेल, आत पैसे मागतो का, जाहिराती दाखवतो का, आणि संपतो का, एवढं लिहिलं तरी आमच्या भागातल्या आईबापाला आधार होईल. आज त्यांच्यासमोर दोनच रस्ते आहेत, मोबाइल हिसकावणे नाहीतर मोबाइल देऊन मोकळं होणे, आणि दोन्हीत लेकराशी बोलणं होतच नाही.

मुख्याध्यापकांना पण तुमच्या पेपरातून सांगावंसं वाटते. कितीतरी शाळांमध्ये कॉम्प्युटर रूमला कुलूप आहे, शिकवणारा गेला, बिल थकलं, मशीन जुनी झाली म्हणून कापड टाकून ठेवली. आमच्या जवळच्याच एका शाळेत मी ती पाहिली आहे, उंदरांनी वायरी कुरतडल्या तेवढं सोडलं तर मशीन धडधाकट आहेत. नवीन गेम त्यावर चालणार नाहीत हे खरं, पण हा चालेल. डॉसबॉक्स नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात डॉसच्या काळातले गेम चालतात, इंटरनेट लागत नाही, ग्राफिक कार्ड लागत नाही, पंधरा वर्षं जुनी मशीन सुद्धा पुरते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास रूम उघडा, दोघांत एक मशीन द्या, एकानं खेळायचं आणि एकानं वहीत नकाशा काढायचा, मग अदलाबदल. तासानंतर गेम स्वतःच थांबतो, तुम्हाला ओरडावं लागत नाही. ज्या गुरुजींना हे बसवून पाहिजे असेल त्यांनी आमच्या तालुक्यात कोणत्याही कॉम्प्युटर क्लासवाल्याला विचारावं, एका संध्याकाळचं काम आहे आणि त्यासाठी मी कोणाकडून पैसे घेणार नाही.

उलंगवाडी, म्हणजे कपाशीची शेवटची वेचणी, झाली की घरची कामं कमी होतात, पुढं सुट्या लागतात आणि लेकरं दिवसभर रिकामी असतात, तेव्हा जे करायचं ते त्याच्या आधी व्हावं एवढंच.

कळावे, लोभ असावा.

आपला एक नियमित वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ